कातरीशेजारी दोन फ्लॉप्या

केडगावात साधनाला सगळे घुमी म्हणतात. सासू म्हणते, जावा म्हणतात, बाजारात भाजी विकणारी आक्काबाईसुद्धा म्हणते, "ती शंभूची बायकू व्हय? भिताड बोलंल, पर ती न्हाई बोलायची." म्हणू द्या. लोकांच्या तोंडाला कुणी हात लावलाय का? पण हीच साधना ज्यांनी शिरूरच्या कॉम्प्युटर क्लासात बघितली, त्यांना विचारा एकदा. बोलायला लागली की सर हातातला चहा तसाच धरून ऐकत बसायचे. भांडायची, खदखदा हसायची, मशीन अडलं तर त्याला चार शिव्या हासडून पुन्हा कामाला लागायची. ती जन्माची घुमी नव्हती. तिला एक गोष्ट पोटात ठेवावी लागली, आणि ती ठेवता ठेवता बाकीचं बोलणंही आटून गेलं.

तिचं माहेर भीमेपल्याड, वडगाव रासाईला. बाप ज्ञानू कोळपे, घरात सगळ्यांचा आबा, आणि आई सारजाबाई. धनगराचं घर. साधना रांगत होती तोवर ही माणसं मेंढरांमागं रानोमाळ फिरत होती. पुढं ज्ञानूनं मेंढरं विकली, नदीकाठाला जमिनीचा तुकडा घेतला, पत्र्याचं घर बांधलं आणि एका जागी बसला. मेंढरं गेली, पण लोकर कातरायची कातर मात्र त्यानं कुणाला दिली नाही. तेल लावून, फडक्यात गुंडाळून ती देवळीत असायची आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीला, पूजेसाठी बाहेर निघायची.

सारजाबाईला शाळा कशी असते ते माहीत नव्हतं. निम्मं आयुष्य तिचं रोज संध्याकाळी नव्या रानात बिऱ्हाड मांडण्यात गेलेलं. पण लेकीवर असा जीव, की पोरगी शिरूरहून यायच्या वेळेला ही बाई फाट्यावर उभीच. पावसात उभी, उन्हात उभी. "आये, मी काय ल्हान हाय का?" असं साधना करवादायची, आणि एस.टी.तून उतरताना पहिली नजर मात्र आईलाच शोधायची.

दोन हजार एक सालची गोष्ट. बारावी झाल्यावर साधनानं कॉम्प्युटरचा हट्ट धरला. कॉम्प्युटर म्हणजे काय हे ज्ञानूला ठाऊक नव्हतं, पण रांजणगावच्या कंपन्यांत तो असतो आणि कारेगावात खोल्या करून राहणाऱ्या पोरी त्याच्यापुढं बसून पगार आणतात, एवढं त्याच्या कानावर आलं होतं. त्यानं मान हलवली. मग रोज न्हावऱ्यावरून शिरूर, एस.टी.चा पास, खांद्याला बॅग. क्लास एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर. खाली खिळे तोलायचा आवाज, वर गव्हाणे सरांचा.

गव्हाणे सर माणूस तापट, पण शिकवायला एक नंबर. व्हिज्युअल बेसिक, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, सुरू केली त्या दिवशी त्यांनी फळ्यावर मोठ्ठं एकच अक्षर काढलं आणि म्हणाले, "फ. फोल्डर. आधी फोल्डर करायचा. फोल्डर नाही तर प्रोजेक्ट नाही. मग नवीन प्रोजेक्ट उघडायचा. त्याला नाव, फॉर्मला नाव, आणि कोडची एक ओळ लिहायच्या आधी सगळं त्या फोल्डरात सेव्ह करायचं. डेटाबेसची फाइलसुद्धा तिथंच ठेवायची. त्यानंतर रेफरन्सेसमध्ये जाऊन डेटाबेसच्या लायब्ररीवर टिक करायची. ती विसरलात तर मशीन तुम्हाला ओळखसुद्धा दाखवणार नाही."

पोरं ऐकतील तर शपथ! एकाचा फॉर्म डेस्कटॉपवर, दुसऱ्याचा भलत्याच ड्राइव्हमध्ये, तिसऱ्याचं नाव अजून प्रोजेक्ट वन. दुसऱ्या दिवशी उघडायला गेले की फाइल सापडत नाही म्हणून बोंबाबोंब. साधनाचं मात्र एकदाही चुकलं नाही. तिला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. आई बिऱ्हाड कसं मांडायची ते तिनं शंभरदा ऐकलेलं. आधी जागा बघायची. वाऱ्याची बाजू सोडून चूल, चुलीपासून लांब मेंढरं कोंडायची जाळ्याची वाघूर, वाघुरीच्या तोंडाला कुत्रं, पाण्याचा हंडा हाताशी. हे झाल्याशिवाय भाकरीच्या पिठाला हात लावायचा नाही. "सर, हे तर आमच्या आईचं बिऱ्हाड हाय," असं ती भर क्लासात म्हणाली. पोरं हसली. सर हसले नाहीत. "बरोबर बोलली ती," म्हणाले, "तिच्या आईला बोलवा आता तुम्हाला शिकवायला."

तिनं प्रोजेक्ट घेतला दूध डेअरीचा. गावात सकाळ-संध्याकाळ डेअरीपुढं किटल्यांची रांग लागते, ते ती लहानपणापासून बघत आलेली. दूध घालणाऱ्याचं नाव, लिटर आणि फॅट टाकलं की हिशेब होऊन पावती तयार, असा तो प्रोग्रॅम. महिनोन्महिने ती त्याच्यामागं होती. जेवताना तोच विषय, एस.टी.त तोच विषय. ज्या दिवशी पावती पहिल्यांदा बरोबर उमटली त्या दिवशी ती घरी पळतच आली.

"आये, आज मशीनमध्ये तुझं नाव आलं."

"माझं? आन् ते कशापायी?"

"दूध घालणारी म्हणून. सारजाबाई ज्ञानू कोळपे, गाय, असं सरळ लिवून आलं."

सारजाबाईनं पदर तोंडाला लावला आणि लाजली. मग दोन दिवस ती बाई भेटेल तिला सांगत सुटली की शिरूरच्या मशीनमध्ये माझं नाव हाय.

आता खरी गोम ऐका. साधनाला लग्नासाठी मागणी आली होती, नदीपल्याडून, केडगावहून. मुलगा शंभू. घरचं गुऱ्हाळ, ऊस, मोटारसायकल, सगळं बेस. पण साधनानं त्याला एका नात्यातल्या लग्नात बघितलेला. पंगतीत वाढप्याच्या हातून आमटी सांडली, शंभूच्या पँटवर चार थेंब उडाले. हा पठ्ठ्या ताटावरून उठला आणि त्या वाढप्याच्या कानाखाली असा जाळ काढला, की आख्खी पंगत गप्प. आणि मारून झाल्यावर तो हसला. ते हसणं साधनाच्या डोळ्यांपुढून जाईना. तिनं बापाचे पाय धरले.

ज्ञानू काही वाईट बाप नव्हता. त्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "हे बघ साधे, दिवाळीपतूर तुला नोकरी लागली, तर मी पाव्हण्यांना सरळ न्हाई म्हणून सांगतो. मंग तू आन् तुझं मशीन. पर न्हाई लागली तर मला व्हय म्हणावं लागंल. त्यांनी तरी किती वाट बघायची?"

आणि नोकरी समोर दिसत होती हो! गावोगावच्या डेअऱ्यांना सॉफ्टवेअर बसवून देणारे एक साहेब गव्हाणे सरांच्या ओळखीचे होते. त्यांना एक माणूस हवा होता, प्रोग्रॅम लिहिणारा. दसरा झाला की ते क्लासात येणार, सगळ्यांचे प्रोजेक्ट चालवून बघणार आणि एकाला घेणार. दुधाचा प्रोजेक्ट क्लासात एकट्या साधनाचा. सर तर उघड म्हणाले, "तुझं नक्की आहे, फक्त तिथं घाबरू नकोस."

त्यातच क्लासच्या मशीनांत व्हायरस शिरला. सरांनी ठरवलं, दसऱ्याच्या सुट्टीत सगळी मशीनं फॉरमॅट करायची, म्हणजे पुसून कोरी. "आपापले प्रोजेक्ट फ्लॉपीवर घ्या," त्यांनी बजावलं, "आणि एका फ्लॉपीवर विश्वास ठेवू नका. दोन कॉप्या करा. नंतर माझ्या नावानं रडायचं नाही." साधनानं दोन कॉप्या केल्या. दोन्ही पुन्हा लावून बघितल्या, चालवून बघितल्या. गावातलाच पप्पू तिच्याबरोबर क्लासला होता. तो आळशी, त्यानं आपल्या फ्लॉप्या सरांच्या कपाटातच टाकल्या. साधना म्हणाली, मी नाही बाई माझं काम दुसऱ्याच्या कपाटात ठेवत. काळजी होती तिला, म्हणून घरी आणल्या. काळजी घेणाऱ्यांचंच का असं होतं, ते मला तरी अजून उमगलं नाही.

घरी आल्यावर सारजाबाईनं त्या काळ्या चौकोनी फ्लॉप्या हातात घेऊन उलटसुलट केल्या. "काय हाय गं ह्यात?"

"माझं समदं काम हाय त्यात, आये. जपून ठीव. आबाची कातर कशी हाय, तशी ही माझी कातर समज."

ती सहज बोलून गेली. आईला पटकन समजावं म्हणून बोलली.

खंडेनवमीला सकाळी साधना पूजेसाठी झेंडू आणायला रानात गेली. परत येऊन बघते, तर पूजा मांडून झालेली. पाटावर कातर, मेंढरं वळायची काठी, खुरपं, विळा, कोयता, आणि कातरीशेजारी त्या दोन फ्लॉप्या. पाण्याचे शिंतोडे, भंडारा, कुंकू, तांदूळ.

"आये! ह्या कशाला मांडल्या?"

"का गं? तूच म्हणालीस न्हवं, तुझी कातर हाय म्हणून? मंग हत्यार पुजायचं न्हाई व्हय?" सारजाबाईचा चेहरा असा फुललेला, की बघत राहावं. "आबाच्या हत्याराशेजारी लेकीचं हत्यार. आपल्या घरात आजपतूर असं कुणाचं झालं न्हाई."

साधना उचलायला वाकली. तेवढ्यात ज्ञानू कडाडला, "आगं ए! मांडलेली पूजा हलवायची नसती. उद्या सीमोल्लंघन झालं की मंग उचल." साधनानं वाकूनच नीट बघितलं. वरच्या प्लॅस्टिकवर कुंकवाचं बोट, तांदळाचे दोन दाणे, बाकी काही नाही. प्लॅस्टिकला काय होतंय, पुसलं की निघेल, असं तिनं मनाला समजावलं. आईचा तो फुललेला चेहरा मोडायचं तिच्या जिवावर आलं. तिनं हातातले झेंडू एकेक करून मांडले, फ्लॉप्यांवरही मांडले.

आता फ्लॉपी ज्यांनी बघितली नसेल त्यांना सांगतो. त्या चौकोनाच्या एका कडेला पत्र्याचं झाकण असतं. सरकवलं की आतली पातळ तपकिरी तबकडी दिसते, सोडलं की झाकण आपोआप मिटतं. सगळं काम त्या तबकडीवर. तिला बोट लावायचं नसतं.

आणि कातरणाऱ्याच्या घरात कुंकू लावायची एक रीत असते. ते मुठीला लावत नाहीत, पात्याला लावतात. काम पातं करतं, मूठ नाही. सारजाबाईच्या सासूनं तिला हेच शिकवलेलं, तिला तिच्या सासूनं. फ्लॉपी पुजायला घेतल्यावर त्या बाईनं आधी विचार केला असणार, ह्याचं पातं कुठलं? पत्रा सरकला, आत तबकडी दिसली, तिला वाटलं हेच ते. ओला अंगठा भंडाऱ्यात बुडवून, कुंकवात बुडवून तिनं तो आत नीट दाबून टेकवला. एकीला लावला, मग दुसरीलाही लावला. देवाच्या पुढ्यात एकीला पुजायचं आणि दुसरीला तसंच ठेवायचं, असला दुजाभाव ती कसा करणार?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साधना क्लासात पोचली. साहेब त्याच्या दुसऱ्या दिवशी यायचे होते. मशीन कोरं झालेलं, व्हिज्युअल बेसिक सरांनी नुकतंच टाकलेलं. तिनं फ्लॉपी घातली. मशीनमधून करकर आवाज आला, दातांखाली खडा यावा तसा. पडद्यावर अक्षरं उमटली: ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? तिनं ती काढून दुसरी घातली. तोच आवाज, तोच प्रश्न. तिनं अंगठ्यानं पत्रा सरकवला. तपकिरी तबकडीवर पिवळा-तांबडा ठसा. आईचा अंगठा. त्याच्या रेषा न् रेषा दिसत होत्या, आणि मशीन फिरलं तिथं एक गोल ओरखडा.

"अगं बये, काय केलंस हे!" सर ओरडले. "मी घसा फोडून सांगितलं होतं ना, दोन कॉप्या करा म्हणून?"

"दोनच केल्या हुत्या, सर."

सरांनी दुसरीचा पत्रा सरकवून बघितला. मग त्यांनी तिच्यासाठी शेजारचं मशीन मोकळं करून दिलं आणि इतकंच म्हणाले, "बस. आठवतंय तेवढं पुन्हा मांड."

ती बसली. रडायला सवड नव्हती. नवीन फोल्डर केला. नवीन प्रोजेक्ट उघडला, त्याला नाव दिलं, फॉर्मला नाव दिलं, सेव्ह केलं. डेटाबेस नव्यानं उभा केला, गावातली नावं नव्यानं भरली. लायब्ररीवर टिक करायची राहून गेली तेव्हा मशीननं ओळख दाखवली नाही, मग ती टिकही केली. महिनोन्महिने सावकाश उभं केलेलं ते असं एका बैठकीत थोडंच उभं राहतंय? हिशेबाचा भाग, ज्याच्यासाठी तिनं जिवाचं रान केलं होतं, तो डोक्यात होता पण हातात येईना. दुपारी तो जरा जुळत आला आणि लाइट गेली. क्लासच्या बॅटरीनं केव्हाच मान टाकलेली. लाइट आली तेव्हा शेवटच्या एस.टी.ची वेळ झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बसली. साहेब आले तेव्हा ती अजून टाइपच करत होती.

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची ओढून घेतली. साधनानं प्रोग्रॅम चालवला. फॉर्म उघडला, नावं आली. लिटर टाकले, फॅट टाकलं. पावतीचं बटण दाबलं. काही झालं नाही. तिनं परत दाबलं. काही झालं नाही.

"पावती?" साहेबांनी विचारलं.

"येत हुती, साहेब. खरंच येत हुती."

"हिच्या फ्लॉपीची पूजा झाली," मागून पप्पू म्हणाला. त्याच्या मनात कपट नव्हतं, तोंडाला लगाम नव्हता इतकंच. "काकूंनी आत भंडारा-कुंकू भरलंय, साहेब. तांदूळबी असत्याल." आख्खा क्लास फिसकन हसला. साहेबही हसले. "पूजा आम्हीपण करतो हो, पण बाहेरून!" साधना त्या बटणाकडं बघत राहिली. तिला आईची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःची शिसारी आली. साहेबांनी पप्पूला घेतलं. त्याचा प्रोजेक्ट लायब्ररीतल्या पुस्तकांचा होता आणि साधाच होता. पण चालला.

त्या संध्याकाळी एस.टी.त तिला राग आला. आईचा राग. असा, की फाट्यावर उतरायचं आणि तिथंच तिला विचारायचं, कुणी सांगितलं होतं तुला? कुणी सांगितलं होतं तो पत्रा उघडायला? वाक्यं तयार होती. एस.टी. थांबली. सारजाबाई नेहमीच्या जागी उभी. "झालं का गं? देवानं आयकलं का?" म्हणत तिनं लेकीच्या खांद्यावरची बॅग घेतली. बॅगेचा पट्टा धरलेला तो अंगठा अजून पिवळा होता.

"न्हाई आये. साहेबानं दुसऱ्याला घेतलं."

"आसं कसं? येवढं चांगलं काम तुझं."

"त्याचं जास्त चांगलं हुतं."

सारजाबाई बॅग घेऊन घरापर्यंत चालली. दाराशी आल्यावर म्हणाली, "माझ्या पूजेतच कायतरी उणं पडलं बघ. नारळ फोडला न्हाई मी. हत्याराला नारळ लागतो, आन् मी तशीच उरकली." साधनानं तिच्या हातातली बॅग घेतली आणि आत गेली. ज्ञानूनं ऐकलं आणि नदीपल्याड निरोप धाडला.

तुळशीची लग्नं झाली आणि साधनाचं लागलं. पहिले काही महिने शंभूनं नुसती ताटं भिरकावली. मग हात उठला. कशावरूनही उठायचा, चहा गार झाला तरी, गरम असला तरी. आणि मारून झालं की तो हसायचा, तेच हसणं. केडगावात मोबाइलच्या दुकानापलीकडं एक कॉम्प्युटर सेंटर निघालं, तिथं बाई हवी असा कागद लागला. साधनानं ते नवऱ्यापुढं बोलून दाखवलं. त्यानंतर ती गाल सुजवून माहेरी आली. सारजाबाईनं गालाला हळद लावली आणि डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाली, "काय करायचं बाई? देवानंच तुझं असं लिवलंय, त्याला कोण काय करणार?" साधना मान खाली घालून ऐकत राहिली. पुढं वैष्णवी झाली, आणि परत यायचा विषयच मिटला.

सासरचे सोडायचे त्या वर्षी ती दसऱ्याला माहेरी यायची. आणि दर वेळी पाटावर कातरीशेजारी त्या दोन फ्लॉप्या! सारजाबाईनं त्या कातरीच्याच फडक्यात जपून ठेवल्या होत्या. आता नारळ फुटायचा. पत्रा सरकवून आत अंगठा टेकवायचा तिचा हात आता सरावला होता. "पयल्या साली उणं राहिलं, ते मी आता राहू देत न्हाई," म्हणायची. "आज ना उद्या तुझं हत्यार तुझ्या हातात येईल बघ." थांब म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. म्हणून साधना कुंकवाचा करंडा पुढं करायची.

अशी सात-आठ वर्षं गेली. एका दसऱ्याला पप्पू गावी आला, स्वतःची गाडी घेऊन. संध्याकाळी आपट्याची पानं वाटत तो कोळप्यांच्या दारात आला. "सोनं घ्या काकू, सोन्यासारखं राहा," म्हणून वाकला. सारजाबाई तेव्हाच पूजा उचलत होती. शहरातला कॉम्प्युटरवाला घरी आला म्हणताना तिला कोण आनंद! तिनं एक फ्लॉपी उचलून त्याच्यापुढं धरली.

"ही बघ, साधीचं हत्यार. तूबी पुजतोस न्हवं तुझं?" आणि तिनं पत्रा सरकवून दाखवला.

पप्पू मोठ्यानं हसला. "काकू, अजून पुजता व्हय ह्या? आवो, ह्याच कुंकवापायी तर साधनाची नोकरी हुकली! आत बोट लावलं की समदं पुसतं. तिची नोकरी मला मिळाली ना राव!"

साधना चहा घेऊन चुलीपासून उठली होती. ती कपबश्या घेऊन मधेच उभी राहिली. पप्पूनं तिच्याकडं बघितलं आणि त्याचं हसू जागच्या जागी वाळलं. त्याला वाटलेलं, घरात माहीत असणार. तो चहा न घेताच गेला.

सारजाबाईनं पत्रा सोडला. तो मिटला. तिनं पुन्हा सरकवला आणि आतल्या त्या थरावर थर बसलेल्या कुंकवाकडं ती बघत राहिली.

"खरं का गं?"

"आये, त्येला काय कळतंय? त्यो काय बी बोलतो."

"साधे. माझ्याकडं बघ."

साधनाला बघता येईना. तेवढं पुरलं.

सारजाबाई खाली बसली. "तू गाल सुजवून आलीस तवा मी तुला काय म्हणाले हुते? देवानं लिवलं म्हणाले. तू आयकून घेतलंस." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "येवढी वर्सं मी त्या देवाला बोल लावला."

"तू काय मुद्दाम केलंस का, आये? माझ्या भल्यासाठीच केलंस."

"म्हणून तर," सारजाबाई म्हणाली, आणि पदरानं अंगठा पुसायला लागली. पुसत राहिली, कातडं लाल होईपर्यंत. साधनानं हात धरला तेव्हा कुठं थांबली.

त्यानंतरच्या खंडेनवमीला पाटावर कातर नव्हती, काही नव्हतं. ज्ञानू चिडला, ओरडला, शेवटी स्वतःच्या हातानं कातर काढून पुजली. सारजाबाई ओसरीवरून हलली नाही. फ्लॉप्या कुठं गेल्या ते तिनं सांगितलं नाही, साधनानं विचारलं नाही. त्या वेळी वैष्णवी नुकती शाळेत जायला लागली होती. नवीन दप्तर, नवीन पाटी, आजीला दाखवायची कोण घाई! ती पळत आली आणि दप्तर आजीच्या मांडीवर ठेवायला लागली. सारजाबाईनं दोन्ही हात पटकन पदराखाली घेतले.

"नगं बाय," ती म्हणाली, "लांबनंच दाव. मी न्हाई हात लावत."